हिमसागराची रोजनिशी

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, यॉर्कशर परगण्यात, व्हिटबी नावाचे एक लहानसे बंदर आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस दरवर्षी मार्च महिना लागला, की या बंदरात मोठी लगबग सुरू होई. धक्क्याला लागलेल्या भक्कम गलबतांवर रिकामी पिंपे चढवली जात, दोरखंडांची वेटोळी रचली जात, भाल्यांना धार दिली जाई; आणि एके दिवशी भरतीची वेळ साधून ती गलबते उत्तरेकडे निघून जात. ती परतत श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास. कधी त्यांची पिंपे तेलाने काठोकाठ भरलेली असत, कधी रिकामीच असत. आणि एखादे गलबत परत येतच नसे.

ही गलबते जात देवमाशांच्या शिकारीसाठी. त्या काळी विजेचे दिवे नव्हते आणि खनिज तेलही वापरात आले नव्हते. शहरातील दिवे देवमाशाच्या चरबीच्या तेलावर जळत. यंत्रांच्या चाकांनाही तेच तेल घातले जाई. उत्तरेकडील या देवमाशाला दात नसतात. त्याच्या वरच्या जबड्यातून शिंगासारख्या पदार्थाच्या लांब, लवचीक पट्ट्या लोंबत असतात. त्यांपासून छत्र्यांच्या काड्या आणि स्त्रियांच्या घट्ट पोशाखांचे सांगाडे तयार होत. एका मोठ्या देवमाशाचे मोल इतके असे, की त्यासाठी माणसे बर्फाच्या समुद्रात जिवावर उदार होऊन शिरत.

व्हिटबीपासून काही मैलांवर असलेल्या क्रॉप्टन या खेड्यात ५ ऑक्टोबर १७८९ रोजी विल्यम स्कोर्सबीचा जन्म झाला. त्याच्या वडिलांचे नावही विल्यमच होते. ते शेतकरी कुटुंबात जन्मले. परंतु नांगर सोडून ते समुद्रावर गेले आणि स्वतःच्या हिमतीवर देवमाशांची शिकार करणाऱ्या गलबताचे कप्तान झाले. बर्फातून वाट काढण्यात त्यांचा हात धरणारा कप्तान त्या काळी क्वचितच असेल. डोलकाठीच्या टोकावर एक पिंप बसवून त्यात उभ्या राहणाऱ्या टेहळ्याला झोंबऱ्या वाऱ्यापासून आडोसा देण्याची युक्ती त्यांनीच १८०७ साली काढली. पुढे ध्रुवप्रदेशात जाणाऱ्या कित्येक जहाजांवर असे पिंप दिसू लागले.

अशा घरात वाढलेल्या मुलाला समुद्राची ओढ लागली, यात नवल नाही. विल्यम दहा वर्षांचा असताना, १८०० साली, वडिलांनी त्याला आपल्या ‘डंडी’ या गलबतावरून उत्तरेकडे नेले. जेथे उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही, जेथे समुद्रावर पाणी थोडे आणि बर्फ अधिक दिसते, असा तो प्रदेश त्याने प्रथमच पाहिला. परत आल्यावर तो काही वर्षे शाळेत गेला. परंतु १८०३ पासून दरवर्षी उन्हाळ्यात समुद्र हेच त्याचे घर झाले.

१८०६ साली तो वडिलांच्या ‘रेझोल्यूशन’ या गलबतावर मुख्य सहायक होता. वय अवघे सोळा वर्षांचे. त्या वर्षी मे महिन्यात हे गलबत स्पिट्सबर्गेन बेटांच्या उत्तरेस, ८१ अक्षांशाच्याही पलीकडे, बर्फाच्या फटींतून वाट काढीत गेले. इतक्या उत्तरेस गेल्याची खात्रीलायक नोंद तोवर कोणत्याही जहाजाच्या नावावर नव्हती, आणि पुढे एकवीस वर्षे हा विक्रम टिकून राहिला. ही मजल गाठणारे लोक काही नवे देश शोधायला निघालेले नव्हते. ते देवमासे शोधत होते. आणि गलबत नेमके कोठे पोहोचले, हे सूर्याची उंची मोजून काटेकोरपणे लिहून ठेवण्याची सवय त्यांच्यापाशी होती.

शिकारीचा हंगाम उन्हाळ्यापुरता असे. इतर खलाशी हिवाळ्यात घरी विसावा घेत, अथवा कोळशाच्या गलबतांवर कामाला जात. विल्यम मात्र त्या वर्षीच्या हिवाळ्यात एडिंबरो येथील विद्यापीठात दाखल झाला. उन्हाळ्यात हाती दोर व भाले, आणि हिवाळ्यात रसायनशास्त्र व पदार्थविज्ञान, असा त्याचा क्रम सुरू झाला. रॉबर्ट जेमसन या निसर्गशास्त्रज्ञाशी तेथे त्याचा स्नेह जुळला. पुढे लंडनमध्ये त्याची सर जोसेफ बँक्स यांच्याशी गाठ पडली. बँक्स म्हणजे कॅप्टन कुकबरोबर पृथ्वीप्रदक्षिणा केलेले विद्वान आणि रॉयल सोसायटी या मान्यवर संस्थेचे अध्यक्ष. ध्रुवसमुद्राविषयी विद्वानांना फारच थोडे ठाऊक होते. ज्यांना ठाऊक होते ते शिकारी लिहीत नव्हते, आणि जे लिहीत होते त्यांनी तो समुद्र पाहिलेला नव्हता. हा तरुण दोन्ही करू शकेल, हे बँक्स यांनी ओळखले व त्याला निरीक्षणे करण्यास उत्तेजन दिले.

१८०७ पासून स्कोर्सबीने हवामानाची नोंद ठेवण्यास प्रारंभ केला. हवेचे तापमान, वायुभार, वाऱ्याची दिशा व जोर, आकाशाचे स्वरूप, गलबताचे स्थान, बर्फाची कड कोठे आहे, देवमासे कोठे दिसले आणि किती मिळाले, हे सारे तो दररोज लिहून काढी. वादळ असो, गलबत बर्फात अडकलेले असो, की शिकारीच्या धांदलीत चोवीस तास डोळ्याला डोळा लागलेला नसो, वहीतील त्या दिवसाचे पान सहसा रिकामे राहत नसे. १८०७ ते १८१८ अशा बारा हंगामांची हवामानाची कोष्टके त्याने पुढे छापून प्रसिद्ध केली. एक दिवसाचे तापमान कळून फारसे काही साधत नाही. परंतु त्याच समुद्रात, त्याच महिन्यांत, बारा वर्षे घेतलेली मापे शेजारीशेजारी मांडली, म्हणजे कोणते वर्ष नेहमीसारखे आणि कोणते वेगळे, हे दिसू लागते.

ऑक्टोबर १८१० मध्ये स्कोर्सबीला एकविसावे वर्ष पूर्ण झाले आणि वडिलांनी ‘रेझोल्यूशन’चे कप्तानपद त्याच्या स्वाधीन केले. पुढच्याच उन्हाळ्यात तो स्वतःच्या हुकमतीखाली पहिल्यांदा उत्तरेस गेला. त्या पहिल्या हंगामातील एक प्रसंग त्याने विस्ताराने लिहून ठेवला आहे. तो समजण्यासाठी त्या काळची शिकार कशी चाले, ते आधी पाहिले पाहिजे.

डोलकाठीवरील पिंपातून टेहळ्याने देवमाशाचा फवारा पाहिला, की गलबतावरून वल्ह्यांच्या होड्या सोडल्या जात. होडीच्या नाळेवर उभा असलेला भालेकरी अगदी जवळ जाऊन आकड्यांचा भाला देवमाशाच्या पाठीत रोवी. हा भाला जीव घेण्यासाठी नसे. तो मासळीच्या गळासारखा अडकून बसण्यासाठी असे. भाल्याला बांधलेला लांबच लांब दोर होडीत वेटोळे करून ठेवलेला असे. जखमी देवमासा खोल बुडी मारी आणि दोर इतक्या वेगाने सुटे, की लाकडाला घासून धूर निघे व त्यावर सारखे पाणी ओतावे लागे. एका देवमाशाने १८१२ साली अनेक होड्यांचे मिळून जवळजवळ सहा मैल दोर ओढून नेले होते. श्वास घेण्यासाठी अखेर त्याला वर यावेच लागे. तो थकलेला असताना होड्या त्याला वेढीत व लांब पात्याच्या भाल्यांनी त्याचा शेवट करीत.

जून १८११ मध्ये स्कोर्सबीच्या एका भालेकऱ्याने देवमाशाच्या दूधपित्या पिल्लावर भाला मारला. पिल्लापासून तेल फारसे मिळत नाही. पण पिल्लू अडकले म्हणजे आई दूर जात नाही, हे शिकाऱ्यांना ठाऊक होते, आणि त्यांचा डोळा आईवरच होता. क्षणार्धात ती होडीजवळ वर आली. पिल्लाला धरून तिने खाली बुडी घेतली आणि जवळजवळ शंभर वाव दोर ओढून नेला. ती पुन्हा पृष्ठभागावर आली, इकडून तिकडे धावू लागली, मध्येच थबके, एकाएकी दिशा बदली. चारही बाजूंनी होड्या येत होत्या. त्यांच्याकडे तिचे लक्षच नव्हते. एक भाला तिला लागून निसटला, दुसराही रुतला नाही, तिसरा मात्र खोल बसला. तरीही तिने पळ काढला नाही. काही मिनिटांतच आणखी तीन भाले तिच्या अंगात रुतले, आणि तासाभराने तिचा प्राण गेला.

असल्या घटना शिकारीच्या धंद्यात नित्य घडत. त्या लिहून ठेवण्याचे कोणाला कारण वाटत नसे. स्कोर्सबीने ती लिहिली. पिल्लासाठी मृत्यू पत्करणाऱ्या आईला मारताना मनाला अतिशय यातना होतात, असेही त्याने कबूल केले; आणि त्यालाच जोडून, शिकारीचे मोल इतके मोठे असते की दयेपायी ती सोडता येत नाही, हेही त्याने लपवले नाही. पुढे तो आणखी बारा वर्षे देवमासे मारीत राहिला. त्याच्या वहीचा खरेपणा असा आहे, की तिच्यातून तो स्वतःलाही वगळत नाही.

त्या काळच्या पुस्तकांत देवमाशांविषयी अचाट गोष्टी छापल्या जात. दीडशे फूट लांबीचे, किंबहुना त्याहूनही मोठे देवमासे उत्तर समुद्रात असतात, असे कित्येक विद्वान मानीत. स्कोर्सबीने मोजण्याची दोरी हातात घेतली. ग्रीनलंडच्या समुद्रातील ३२२ देवमाशांच्या शिकारीत त्याचा स्वतःचा भाग होता. त्यांपैकी एकही ६० फुटांहून मोठा नव्हता. त्याने प्रत्यक्ष मोजलेला सर्वांत लांब देवमासा ५८ फूट भरला. डोके शरीराच्या किती भाग असते, त्वचेखालच्या चरबीचा थर किती जाड असतो, तोंडातील पट्ट्या एका बाजूस किती असतात (त्या सुमारे ३०० असतात), हे सारे त्याने नोंदले. समुद्रातील इतर प्राण्यांचीही त्याने अशीच दखल घेतली. नार्व्हाल नावाच्या लांब सुळ्याच्या प्राण्याच्या पोटात त्याला एक मोठे पाखट सापडले. ज्याचे तोंड एवढेसे आणि ज्याला चावायला दात नाहीत, त्याने एवढा रुंद मासा कसा गिळला असेल, या कोड्याचा त्याने बराच विचार केला. सुळ्याने तो आधी भोसकला असावा, असा त्याचा तर्क होता.

परंतु त्याची सर्वांत महत्त्वाची शोधक दृष्टी पडली ती पाण्यावर. ग्रीनलंडच्या समुद्राचे पाणी कोठे स्वच्छ निळे असते, तर कोठे मैलच्या मैल गढूळ हिरवे. देवमासे या हिरव्या पाण्यात अधिक सापडतात, हे शिकाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होते. तो रंग कशाचा, हे मात्र कोणी विचारले नव्हते. काहींना वाटे, तो समुद्राच्या तळाचा रंग असावा. स्कोर्सबीने ते पाणी भरून घेतले आणि सूक्ष्मदर्शक यंत्राखाली पाहिले. पाण्याच्या थेंबात असंख्य बारीक जीव होते. काही गोल, पारदर्शक. काही केसासारखे लांबट.

एका घन इंच पाण्यात त्या गोल जीवांपैकी ६४ जीव असतात, असे त्याने अनुमान केले आणि मग हिशोब मांडला. एका घन फुटात १,१०,५९२. दोन मैल लांब, दोन मैल रुंद आणि २५० वाव खोल एवढ्या पाण्यात किती? उत्तर आले २३,८८८ च्या पुढे बारा शून्ये! हा आकडा वाचून कोणालाच काही बोध होणार नाही, हे ओळखून त्याने तो निराळ्या रीतीने सांगितला. एक माणूस आठवड्यात दहा लक्ष जीव मोजू शकतो असे धरले, तरी ८०,००० माणसांना ती मोजणी पुरी करायला पावणेसहा हजार वर्षे लागतील. आणि समुद्राचा असा हिरवा भाग चारच चौरस मैल नव्हता. तो शेकडो मैल पसरलेला होता.

या हिशोबातून एक मोठी गोष्ट उलगडली. हे सूक्ष्म जीव खाऊन कोळंबीसारखे लहान प्राणी जगतात. त्यांना खाऊन मासे, सील व पक्षी जगतात. सीलवर पांढरे अस्वल जगते. आणि अजस्र देवमासा तोंड उघडून पोहत राहतो व पट्ट्यांच्या गाळणीतून हेच लहान प्राणी गाळून घेतो. तळचे सूक्ष्म जीव नष्ट झाले, तर वरची सारी उतरंड ढासळेल, हे स्कोर्सबीच्या ध्यानात आले होते. आजचे शास्त्रज्ञ ध्रुवसमुद्रातील माशांचा अंदाज घेण्यापूर्वी बारीक जाळ्यांनी पाण्यातील हे सूक्ष्म जीव गोळा करून मोजतात, त्याचे कारण हेच.

समुद्राच्या पोटातील तापमान मोजण्याची त्याची खटपटही मोठी रंजक आहे. प्रथम त्याने लाकडी पिंपासारखे एक साधन खोल पाण्यात सोडून पाहिले. पण पाण्याच्या प्रचंड दाबाने लाकूड भिजून निकामी झाले. तेव्हा पितळेचे नवे साधन तयार करण्यात आले. दोराला बांधून ते खाली सोडायचे, खोलवरचे पाणी त्यात कोंडले जायचे, आणि वर ओढून त्याचे तापमान पाहायचे. वरचे पाणी बर्फासारखे गार असता खालचेही तसेच, किंबहुना अधिकच गार असेल, अशी कोणाचीही अपेक्षा असणार. स्कोर्सबीला उलटेच आढळले. खालचे पाणी वरच्यापेक्षा काही अंशांनी उबदार होते! एकदा नव्हे, अनेक वर्षे, अनेक ठिकाणी तेच दिसले. दक्षिणेकडून येणारे अटलांटिक महासागराचे पाणी उबदार खरे, परंतु अधिक खारट व म्हणून जड असते. ध्रुवाजवळ पोहोचल्यावर ते गार पण कमी खाऱ्या पाण्याखाली जाते, असा त्याचा अर्थ आहे. विद्यापीठातील कोणाही पंडितास घरबसल्या हे कळले नसते.

या कामांतून वेळ उरे तेव्हा तो हिमकण पाही. काळ्या पृष्ठभागावर पडलेले कण वितळण्यापूर्वी भिंगाखाली निरखून त्याने त्यांच्या ९६ आकृती रेखाटल्या. कधी तो स्वच्छ बर्फाचा तुकडा कुऱ्हाडीने व सुरीने घडवी, हाताच्या उबेने गुळगुळीत करी आणि त्याचे भिंग बनवून सूर्यकिरण एकत्र आणी. त्या बर्फाच्या भिंगाने तो लाकूड जाळी व खलाशांच्या चिलमी पेटवून देई. बर्फ वितळत नाही आणि त्यातून विस्तव निघतो, हे पाहून ते रांगडे खलाशी थक्क होत. आपल्या तरुण कप्तानाचे वेड त्यांना थोडेसे आवडू लागले असावे.

समुद्र मात्र कौतुक करणारा नव्हता. १८१६ साली त्याच्या ‘एस्क’ या गलबताच्या तळाला बर्फाने भगदाड पाडले. पंपांवर माणसे दिवसरात्र झगडत राहिली. शेवटी दुसऱ्या एका गलबताच्या साहाय्याने ‘एस्क’ कसेबसे घरी पोहोचले.

१८१७ च्या उन्हाळ्यात स्कोर्सबीला काही निराळेच दिसले. ग्रीनलंडच्या पूर्वेस ७४ ते ८० अक्षांशांच्या दरम्यान एरवी बर्फाने झाकलेला विस्तीर्ण समुद्र त्या वर्षी मोकळा होता. हे वेगळे आहे, असे छातीठोकपणे म्हणण्याचा अधिकार त्याला होता, कारण मागील दहा वर्षांच्या वह्या त्याच्याजवळ होत्या. त्याने बँक्स यांना पत्र लिहून कळवले. या वार्तेने मोठी खळबळ उडाली, आणि १८१८ साली इंग्लंडच्या सरकारने ध्रुवाकडे मोहिमा पाठवल्या. त्यांचे नेतृत्व मात्र आरमारी अधिकाऱ्यांना मिळाले. ज्याच्या पत्राने हे सारे घडले, तो व्यापारी गलबतावरचा शिकारी म्हणून बाजूला राहिला. हा अन्याय होता, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. स्कोर्सबीने तो मनात ठेवून हात आखडता घेतला नाही. आपल्याजवळचे सारे ज्ञान त्याने ग्रंथरूपाने लोकांपुढे ठेवण्याचे ठरवले.

हा ग्रंथ १८२० साली दोन खंडांत प्रसिद्ध झाला. पहिल्या खंडात ध्रुवप्रदेशाची भूमी, समुद्र, बर्फ, हवा व प्राणी यांचे वर्णन आहे. दुसऱ्यात देवमाशांच्या शिकारीचा इतिहास व पद्धती. कोणत्या देशाने कोणत्या वर्षी किती गलबते पाठवली आणि किती देवमासे मारले, याचीही कोष्टके त्याने जमवून दिली. ती वाचताना एक गोष्ट मनात येते. सतराव्या शतकाच्या आरंभी स्पिट्सबर्गेनच्या उपसागरांत किनाऱ्यालगतच देवमाशांचे कळप सापडत. पुढे उपसागर रिकामे पडले आणि शिकारी मोकळ्या समुद्रात गेले. नंतर बर्फाच्या कडेपर्यंत गेले. आणि स्कोर्सबीच्या काळात पुष्कळ गलबते ग्रीनलंडच्या पश्चिमेकडील समुद्राकडे वळू लागली होती. देवमासे माणसाला भिऊन दूर गेले, असे तेव्हा समजत. ते दूर गेले नव्हते. संपत चालले होते.

१८२२ साली ‘बॅफिन’ या गलबतातून हिंडताना त्याने ग्रीनलंडच्या पूर्व किनाऱ्याचा सुमारे ४०० मैलांचा नकाशा तयार केला. जुने नकाशे येथे फार चुकलेले होते. त्या किनाऱ्यावरील एका प्रचंड खाडीला त्याने वडिलांच्या सन्मानार्थ स्कोर्सबी हे नाव दिले. त्याच सफरीत एका दिवशी त्याला आकाशात उलटे टांगल्यासारखे एक गलबत दिसले. दुर्बिणीतून पाहताच त्याने ते ओळखले. ते वडिलांचे ‘फेम’ होते, आणि प्रत्यक्षात ते क्षितिजाच्या पलीकडे, सुमारे तीस मैलांवर होते! थंड व उबदार हवेच्या थरांतून प्रकाशकिरण वाकल्यामुळे हा चमत्कार घडला होता. पित्याची अशी गाठ पडलेला दुसरा पुत्र सापडणे कठीण.

नकाशा, नवी निरीक्षणे आणि भरलेली पिंपे घेऊन तो लिव्हरपूलला परतला, तो पत्नीच्या मृत्यूची वार्ता ऐकण्यासाठीच. तो समुद्रावर असतानाच ती निवर्तली होती. पुढच्या वर्षी त्याने शेवटची सफर केली आणि शिकारीचा धंदा कायमचा सोडला. केंब्रिजला अभ्यास करून तो धर्मोपदेशक झाला. पण मोजमापाची सवय सुटली नाही. अटलांटिक ओलांडताना त्याने लाटांची उंची मोजली. लोखंडी जहाजांवर होकायंत्र का चुकते, याचा शोध घेण्यासाठी १८५६ साली, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, त्याने ऑस्ट्रेलियाची लांबलचक सफर केली. २१ मार्च १८५७ रोजी टॉर्की या गावी त्याचे निधन झाले.

त्याच्या वह्या व्हिटबी येथील संग्रहालयात जपून ठेवल्या आहेत. १८११ ते १८२० या सफरींच्या नोंदी २००३ ते २००९ या काळात तीन खंडांत छापल्या गेल्या. त्या काळच्या शिकारी गलबतांच्या अशा नोंदींवरून दोनशे वर्षांपूर्वी उन्हाळ्यात बर्फाची कड कोठवर येत असे, हे शास्त्रज्ञ ठरवतात आणि कृत्रिम उपग्रहांनी घेतलेल्या आजच्या चित्रांशी ताडून पाहतात. ग्रीनलंडच्या देवमाशाच्या शिकारीवर १९३१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने बंदी घातली. तोवर स्पिट्सबर्गेनच्या समुद्रात तो जवळजवळ दिसेनासा झाला होता. २०१५ साली नॉर्वेच्या शास्त्रज्ञांनी त्या बेटांच्या उत्तरेकडील बर्फाच्या कडेवर हेलिकॉप्टरमधून गणती केली, तेव्हा त्यांचा अंदाज साडेतीनशेच्या आसपास निघाला. एकेकाळी तेथे ते हजारोंनी होते.

हा देवमासा दोनशे वर्षांहूनही अधिक जगू शकतो, हे स्कोर्सबीला ठाऊक नव्हते. आणखी एक गोष्ट त्याला कळली नाही. देवमाशाला आवाज नसतो, असे त्याने आपल्या ग्रंथात नोंदवले होते. त्याची गलबते उन्हाळ्यात येत आणि उन्हाळ्यातच परतत. ध्रुवाच्या काळोख्या हिवाळ्यात त्या समुद्रावर कोणी माणूस नसे. ग्रीनलंड आणि स्पिट्सबर्गेन यांच्या मधल्या त्याच समुद्रात शास्त्रज्ञांनी पाण्याखाली ध्वनी टिपणारी यंत्रे सोडून ठेवली. २०१० ते २०१४ या काळात त्या यंत्रांनी १८४ निरनिराळी गाणी टिपली. ती बर्फाखाली, रात्रंदिवस, हिवाळाभर गाणाऱ्या ग्रीनलंडच्या देवमाशांची होती.